परमिट रूममधला बोर्ड

अंगात येणं, नजर लागणं असलं काही आमच्या घरात कुणी काढलं, की मी ताटावरून उठून जायचो. धुळ्यात माझं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. तार असेल तिथेच करंट जातो, एवढंच मला समजतं. तेव्हा 'याला भास झाला असेल' असं ज्यांना म्हणायचंय त्यांनी खुशाल म्हणा. मीही कितीदा तसं म्हणून बघितलंय.

गेल्या उन्हाळ्यात आईला पॅरालिसिसचा झटका आला. जीव वाचला, पण वाचा गेली. डोळे उघडे असायचे, पण ओळख नाही. घास तोंडात दिला तरी गिळायची नाही. डॉक्टर म्हणाले, "ओळखीचं काहीतरी दाखवा, ऐकवा. कशाने तरी जाग यायला पाहिजे." नातवंडांचे फोटो, देव, शेत... सगळं दाखवून झालं. काही नाही. मी दवाखान्याच्या जिन्यात जाऊन रडायचो, खोटं कशाला सांगू.

आई लग्नाआधी तमाशात गायची. जळगावच्या एका थिएटरात त्यांच्या पार्टीचा मुक्काम असायचा आणि त्याबद्दल बोलताना तिचा चेहराच खुलायचा. पण घरात त्या दिवसांचा एक फोटो नाही. म्हटलं, थिएटरची एखादी भिंत, दार, काहीतरी उरलं असेल. मोबाइलवर काढून तिला दाखवू. मोठ्या बहिणीला, अक्काला, सांगितलं, "तांब्याची तार आणायला चाललो." तमाशाचं थिएटर शोधायला निघालोय, हे कुठल्या तोंडाने सांगणार?

जळगावात विचारत विचारत पोहोचलो, तर त्या जागी परमिट रूम! भर दुपारी आत अंधार, एसी, टीव्हीवर क्रिकेट. मालक गल्ल्यावर बसला होता.

"थिएटर? नाही हो भाऊ. वडिलांनी जागा घेतली तेव्हा इथे सरकीचं गोडाऊन होतं."

"एखादा खांब, खिडकी... जुनं काहीच नाही?"

"बठ्ठं, भिंतींपासून छतापर्यंत, पीओपी केलंय. बघा तुम्हीच."

बघितलं. पार मुतारीच्या भिंतीपर्यंत बघितलं. मागे फॅमिली सेक्शन होता, जरा उंचावर, निळं कार्पेट टाकलेला. तिथे चढून उगाच भिंतींचे फोटो काढत राहिलो. नवा रंग, नवे दिवे... यातलं आईला काय दाखवणार? तेवढ्यात अक्काचा फोन.

"बापू, आई बोलनी रे! आत्ते बोलनी!"

"काय... काय बोलली?"

"तुनं नाव लिधं. म्हने, 'बापू, जोडा काढ. बोर्ड शे ना तो!' चिडीसन बोलनी. कसाना बोर्ड रे? तू कोठे शेस?"

तमाशातली माणसं स्टेजला बोर्ड म्हणतात. आईच्या पार्टीत त्यावर जोडा घालून कुणी चढत नसे. आधी हात लावून कपाळाला लावायचा, मग पाय ठेवायचा. आईनेच मला कधीतरी सांगितलेलं.

मी कार्पेटचा कोपरा उचकटला. खाली सागाच्या फळ्या, झिजून गुळगुळीत झालेल्या. मालक ओरडत आला, "ओ भाऊ, काय करताय!" आणि फळ्या बघून तोही खाली वाकला. त्यालाही माहीत नव्हतं.

बूट काढले. हात टेकवला, कपाळाला लावला. अक्काला म्हटलं, फोन आईच्या कानाला लाव.

"काढले वं आई, काढले. आता बोल ना... आई?"

टीव्हीसमोरची माणसं वळून माझ्याकडे बघत होती. पलीकडून फक्त श्वास ऐकू येत होता.

आई पुन्हा बोलली नाही. त्या फळ्यांचे फोटो तिच्या डोळ्यांसमोर धरले, व्हिडिओ लावला... पापणीही हलली नाही. थोड्याच दिवसांत गेली.

डॉक्टर म्हणतात, मेंदूत जुनं काहीतरी उफाळून येतं कधी कधी. येत असेल. पण नेमकं मी त्या फळ्यांवर उभा असतानाच? मी जळगावात आहे, हे तर कुणालाच ठाऊक नव्हतं.

तुमच्यापैकी कुणाला कळत असेल तर सांगा. भूत होतं की काय होतं, ते राहू द्या. मला एवढंच विचारायचंय — एवढ्या लांबून तिला माझ्या पायातले बूट दिसले, तर रोज तिच्या उशाशी बसून 'आई, मी बापू' म्हणत होतो, तो मी तिला का नाही दिसलो?