दत्तोबांच्या तांब्याची धार

घोरावाडी स्टेशनातून बाहेर पडलं की उजव्या हाताला चंद्रिकाताईंचं दुकान लागतं. पाटीवर अजून ‘लग्नाचे व्हिडिओ शूटिंग’ असं लिहिलेलं आहे, पण लग्नं आता इकडे येत नाहीत. जोडपी लोणावळ्याच्या कड्यांवर जाऊन ड्रोन उडवून घेतात. ताईंकडे येतात पासपोर्टचे फोटो काढणारे आणि जुन्या कॅसेटी पेनड्राइव्हवर करून मागणारे.

तीस वर्षं त्या याच धंद्यात आहेत. नवरा दिगंबर खांद्यावर कॅमेरा घेऊन गावोगाव फिरला आणि ताईंनी घरी बसून ती सगळी लग्नं कापली, जोडली. शिकवायला कोणी नव्हतं. कॉम्प्युटर आला तेव्हा शब्दकोश मांडीवर घेऊन त्या एकेक बटण शिकल्या. मावळातल्या अर्ध्या सुना त्यांनी सासरी जाताना पाहिल्या आहेत, आणि त्यांतली एकही त्यांना ओळखत नाही. दिवस कलेपर्यंत डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं. चष्मा काढून त्या पदराने डोळे टिपतात आणि पुन्हा बसतात.

मागच्या महिन्यात भर दुपारी राजेश्वरी आली. माहेर इंदुरीचं, सासर लोणावळ्याचं. सोबत तिची आई सरुबाई. राजेश्वरीने टेबलावर एक चरे पडलेली डीव्हीडी ठेवली.

“ताई, दोन हजार पाचला माझ्या लग्नाचं शूटिंग तुम्हीच केलं होतं. बाबांचं वर्षश्राद्ध आलंय, सगळ्यांना दाखवायचंय. यातला पाय धुण्याचा भाग तेवढा काढून टाका.”

“तेवढाच का?”

सरुबाई म्हणाली, “जावयाचं पाय धुताना ह्यांचा हात कापतोय. मांडवातच कुनीतरी म्हनलं, बाप पिऊन बसलाय. मग ही तबकडी आली. सासरची मानसं ईल त्या पावन्याला लावून दावायची.”

“मीही एकदा विचारलं होतं बाबांना,” राजेश्वरी म्हणाली. “त्या दिवशी घेतली होती का म्हणून. ते उठून गोठ्यात गेले.”

ताईंनी डीव्हीडी लावली. राजेश्वरीचे वडील दत्तोबा तांब्या कलता करत होते. हात लटलटत होता, पाण्याची धार फणीच्या दातांसारखी चिरलेली दिसत होती. ताईंनी ते तीनदा पाहिलं. तिसऱ्यांदा त्यांची नजर बाजूला गेली. अक्षता टाकणाऱ्या भटजींचाही हात तसाच लटलटत होता. करवलीच्या बांगड्याही.

ताई खुर्चीत मागे टेकल्या.

“काय गं, मशीन बसलं का?” आतून दिगंबरने विचारलं.

“मशीन नाही. मी बसले.”

त्यांनी लोखंडी कपाटातून त्या लग्नाची मूळ टेप काढली. ती फिरायला लागली तेव्हा त्या सरुबाईकडे वळल्या.

“मावशी, आताचे कॅमेरे अख्खं चित्र एकदम घेतात. तेव्हाचा आमचा कॅमेरा अर्धं अर्धं घ्यायचा. एक ओळ सोडून एक ओळ, आणि क्षणभराने मधल्या राहिलेल्या ओळी. कोणतं अर्धं आधीचं ते कॉम्प्युटरला आपण सांगायचं असतं. कॉम्प्युटरवर मी तेव्हा नवीन होते. उलटं सांगितलं.”

“म्हंजी?”

“म्हणजे माणसाचं दुसरं पाऊल आधी दाखवलं, पहिलं नंतर. जे हललं ते कापायला लागलं. जे स्थिर होतं ते नीट दिसलं, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही.”

सरुबाईने मान हलवली. “आन् यकवीस वर्सं आमी त्येंच्याकडं बगत ऱ्हायलो.”

ताईंनी ओळींचा क्रम पालटला आणि तोच भाग पुन्हा लावला. दत्तोबांनी तांब्या कलता केला. धार सरळ पडली, सुतासारखी, जावयाच्या अंगठ्यावर. हात जागचा हलला नाही. राजेश्वरीने तोंडावर पदर धरला.

पण चित्र पुढे चालूच होतं. भटजी मंत्र म्हणत होते. तांब्या खाली ठेवून दत्तोबा बसले होते, उजवा हात मांडीवर, मोकळा. तो हात कापत होता.

ताईंनी चित्र थांबवलं. एकेक ओळ तपासली. भटजींचे हात आता शांत होते, बांगड्या शांत होत्या. फक्त तो एक हात.

“हेही तुमच्या ओळींचंच ना?” राजेश्वरीने विचारलं.

हो म्हणणं सोपं होतं. नंतर तेवढी पाच-सहा सेकंदं काढून टाकली असती तर कोणाला कळलं नसतं. ताईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“नाही. हे त्यांचं आहे.”

सरुबाई खुर्ची ओढून पडद्याजवळ आली. “पुन्यांदा लाव,” ती म्हणाली. ताईंनी लावलं. हात कापत होता. मग भटजींनी काहीतरी मागितलं, दत्तोबांनी पळी उचलली, आणि हात थांबला.

“शेवटाला असाच व्हायचा,” सरुबाई हळू म्हणाली. “काम करताना न्हाई. नुस्तं बसलं की कापायचा. डाक्टरनं कंपवात सांगितला तवा लगनाला पाच वर्सं झाल्ती. म्हंजी लगनातच धरलंवतं म्हनायचं.” तिने बोट पडद्याला टेकवलं. “त्येंना तरी कुटं ठावं व्हतं. लेकीला काय सांगनार?”

बाहेर पुण्याची लोकल आली आणि गेली.

“ताई, काही काढू नका,” राजेश्वरी म्हणाली. “दोन पेनड्राइव्ह करा. एक सासरी लावते.”

ताईंनी दोन पाकिटं घेतली. एकावर मार्करने लिहिलं: ‘राजेश्वरीचे लग्न, मूळ टेपवरून.’ खाली दुसरी ओळ लिहिली: ‘आधीच्या डीव्हीडीत पाय धुताना हात कापतो ती चूक दुकानाची.’ आणि सही केली.

“सासरचं पाकीट हे,” त्या म्हणाल्या.