सावेडीची चिठ्ठी

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही — आणि त्याला तर मी आमटीत मीठ जास्त पडलं तरी सांगते. तुम्ही समोर आहात म्हणून तोंड उघडतेय. लोकांना तोंड उघडायला लावायचा माझा धंदाच आहे म्हणा.

मी दातांची डॉक्टर. मिरजगावात माझा दवाखाना आहे. बीडीएस झाले तेव्हा मला एमडीएसची, तोंडाच्या शस्त्रक्रियेची जागा मिळत होती. तीन वर्षं. मी नको म्हटलं. सगळ्यांना सांगत सुटले — आणखी तीन वर्षं सरांच्या मागे ट्रे घेऊन कोण हिंडणार? आपलं गाव बरं, आपण बरं! खरं सांगू? भीती वाटली होती. ऑपरेशनच्या नुसत्या नावानं माझे हात गार पडायचे. पण भित्री म्हणवून घेण्यापेक्षा स्वाभिमानी म्हणवून घेतलेलं बरं — नाही का?

माझी मैत्रीण वैशाली मात्र गेली. शिकून आली आणि तिनं नगरला, सावेडीत दवाखाना टाकला. फोनवर म्हणाली, अवघड केस आली की बिनधास्त पाठव माझ्याकडे. साधंच बोलली बिचारी. मला झोंबलं. त्या दिवशी मनाशी ठरवलं — मरेन, पण सावेडीला चिठ्ठी देणार नाही. मरेन, असं म्हटलं होतं मी. मरणार कोण होतं?

ज्यांच्या गाळ्यात माझा दवाखाना, त्या हौसाबाई. गावातल्या बायका माझ्याकडे यायला लागल्या त्या त्यांच्यामुळे. "बाईमानूस हाय, लाजायचं काय," म्हणत एकेकीला हाताला धरून आणायच्या. स्वतः मात्र सकाळ-संध्याकाळ मिसरी लावायच्या — तंबाखू भाजून केलेली ती काळी पूड. मी रागवायचे, त्या हसायच्या.

पोळ्याच्या सुमाराला त्या स्वतःच खुर्चीत येऊन बसल्या. महिनाभर जिभेला खुपतंय म्हणाल्या. मी दिवा ओढला, जीभ फडक्यात धरून बाजूला घेतली. कडेला जखम होती. बोट लावलं, तर खाली कडक लागलं.

आता हे नीट ऐका. अशी न भरणारी जखम दिसली की तुकडा काढून तपासायला पाठवायचा, हे कॉलेजातलं पोरगंसुद्धा सांगेल. त्याला आणखी तीन वर्षं शिकावं लागत नाही. मला कळलं होतं. बोट लागलं तेव्हाच कळलं होतं. आणि मी काय केलं? शेजारच्या दाताची कड घासली, मलम दिलं आणि म्हटलं, दात लागतोय मावशी, होईल बरं.

त्या येत राहिल्या. दर खेपेला वाटायचं, आता लिहावी चिठ्ठी. पण आता लिहिली तर वैशाली विचारणार — इतके दिवस काय करत होतीस? मग मलम बदलायचं. दिवाळी गेली. संक्रांतीला त्यांच्या सुनेनं हळदीकुंकू केलं, तर मावशींनी तिळगूळ तोंडात घातला नाही. झोंबतो म्हणाल्या. पदर सरकला तेव्हा मानेवरची गाठ दिसली मला. मी वाण घेतलं आणि घरी आले.

पुढच्याच आठवड्यात त्यांचा मुलगा, भाऊसाहेब, मला न विचारता त्यांना नगरला घेऊन गेला. आणि गेला तो नेमका वैशालीकडे. तिचा फोन आला — तुझ्याकडे दाखवत होत्या ना? तू पाठवायचं कधी सांगितलं होतंस?

मी अडखळलेसुद्धा नाही. म्हटलं, "पोळ्यालाच. ऐकतात का गं ही माणसं?"

तिनं विश्वास ठेवला. भाऊसाहेबालाही मी तेच सांगितलं.

पुण्याला ऑपरेशन झालं. अर्धी जीभ काढली. घरी आणल्यावर मी भेटायला गेले — न जाऊन चालणार होतं का? नाकात नळी होती. माझ्यादेखत भाऊसाहेब त्यांच्यावर डाफरला, "मॅडम पोळ्यालाच म्हनल्या हुत्या, नगरला जा म्हनून. आयकलंस का? लई हेकट!"

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. मग मान हलवायला लागल्या — नाही, नाही, नाही. घशातून आवाज आला, त्याचा शब्द झाला नाही. भाऊसाहेबाला वाटलं, आई पस्तावतेय. त्यानं तिचे डोळे पुसले. आणि मी — देवा! — मी त्याला म्हटलं, जाऊ द्या भाऊसाहेब, आता नका बोलू त्यांना. तो माझ्या पाया पडायला वाकला.

उन्हाळ्यात त्या गेल्या. सून सांगत होती, नळीतून पेज देताना तो रोज आईला तेच ऐकवायचा, अगदी शेवटच्या दिवसापर्यंत.

अजूनही तो कुणाकुणाला घेऊन दवाखान्यात येतो. "माज्या आईनं आयकलं न्हाई, तुमी तरी मॅडमचं आयका," म्हणतो. माणसं हळहळतात. मीही हळहळते.

मी सांगितलं नव्हतं. एकदाही नाही. आणि उद्या भाऊसाहेब पुन्हा कुणाला घेऊन आला, तरी मी गप्पच बसणार आहे.