घोंगडीत गुंडाळलेला सा

तार नाही, कातडं नाही, फुंकर नाही, असा सूर गोपिका परातेनं पहिल्यांदा ऐकला तो पंचाहत्तर साली, मारबतीच्या दिवशी. नागपूरच्या तांडापेठेत तिच्या घरासमोरून मारबतीच्या पुतळ्यामागं ढोलताशे आणि आरोळ्या चालल्या होत्या. त्या गोंगाटात पुस्तक काय वाचायचं, म्हणून ती सायकल काढून थेट धरमपेठेपलीकडच्या आपल्या कॉलेजात गेली. वर्ग रिकामा, पोरं सगळी मारबत पाहायला इतवारीत. ध्वनितंत्र शिकवणारे विश्वनाथ सर तेवढे एका नव्या यंत्राचं खोकं उघडून बसले होते. त्यांनी बटण फिरवलं आणि एक सरळ, गुळगुळीत आवाज निघाला. निघाला तो निघतच राहिला. श्वास घ्यायलाही थांबेना.

"सर, हे कोण गाऊन राहिलं?"

"कोणी नाही. वीज गाऊन राहिली," सर म्हणाले. सर महाल भागातले, सात पिढ्या कारकुनी केलेल्या घरातले. एरवी बोलणं अगदी छापील, पण आनंद झाला की त्यांची जीभ अशी घसरायची.

झालं. त्या दिवसापासून गोपिकेला दुसरं काही सुचेना. घरी चहा उकळला तरी ती कान लावून बसायची, की हा कोणत्या पट्टीत उकळून राहिला.

आता घरचं ऐका. तिचे वडील बाबूलाल विणकर, कोष्टीकामातले पक्के. खड्ड्याच्या मागावर पाय खाली सोडून बसायचे आणि नऊवारीची किनार अशी काढायचे की इतवारीतले व्यापारी भिंग लावून पाहत. घरात मागाच्या धोट्यासाठी सुताच्या कांड्या भरायचं काम गोपिकेचं होतं. ती कॉलेजात गेली तसं ते आई जनाबाईच्या एकटीच्या गळ्यात पडलं. म्हणून बाबूलालनी नाव घालतानाच बजावलं होतं, "तीन वर्षं. त्याच्यावर एक दिवस नाही. नापास झाली का कांड्या हायेतच."

तिसऱ्या वर्षी परीक्षेसाठी ज्यानं त्यानं एक यंत्र बनवायचं होतं. पोरांनी रेडिओ, भोंग्याचे अ‍ॅम्प्लिफायर असं सरधोपट काम घेतलं. वर्गात मुलगी एकटी गोपिका. तिनं घेतली सात सुरांची पेटी. मोडक्या हार्मोनियमच्या पट्ट्या, प्रत्येक पट्टीमागं ट्रान्झिस्टरची एक जोडी. पट्टी दाबली की वीज गाणार. चंपत बोकडे नावाचा एक वर्गमित्र होता, जिभेचा तिखट. तो रोज विचारायचा, "काहो पराते बाई, तुमचं लुगडं कुठवर विणून झालं?"

"पदरापर्यंत आलं," ती म्हणायची. "तुया रेडिओ खरखर सोडून काही बोलते का?"

एप्रिल सरत आला. घराच्या कवेलूंच्या छपराखाली दुपारी भाजून निघायची वेळ. गार जागा एकच, मागाचा खड्डा. बाबूलाल सकाळ-संध्याकाळ विणायचे, दुपारी खड्डा मोकळा. गोपिका त्यात पाय सोडून बसायची, मांडीवर पेटी, शेजारी भजनी मंडळाकडून मागून आणलेली हार्मोनियम. एकेक सूर स्क्रूनं पिळत पिळत तिनं आठ दिवसांत सातही सूर असे लावले की जनाबाई कांडी थांबवून म्हणाली, "गोपे, अंगावर काटा आला वं."

दुसऱ्या दिवशी पेटी आणि हार्मोनियम दोन्ही कॉलेजात. प्रयोगशाळा वरच्या मजल्यावर, डोक्यावर टिनाचं छत, दुपारचे दोन. गोपिकेनं ऐटीत सा दाबला. सा होता तो, पण हार्मोनियमच्या सा-पेक्षा चढा. थोड्या वेळानं आणखी चढा. गंधार वेगळ्याच वाटेला, पंचमाचं तर विचारूच नका. चंपत म्हणाला, "बाई, तुमच्या लुगड्याचा रंग गेला."

सरांनी पेटी उघडून हात फिरवला. "ट्रान्झिस्टर तापला की सूर सरकतो. तू लावलास कुठं?"

"खड्ड्यात," गोपिका म्हणाली, आणि म्हणतानाच तिला कळलं. परीक्षेला अकरा दिवस होते.

घरी येऊन ती ओट्यावर बसून राहिली. बाबूलालनी सगळं ऐकून घेतलं आणि हसायलाच लागले.

"हासता काहून बाबा? माह्या वर्षाचं पाणी होऊन राहिलं."

"अवं बाई, आपण सुताले खळ देतो, तं वाळवतो कुठं?"

"गल्लीत. उन्हात."

"घरात काहून नाही? सावलीत वाळलेलं सूत मागावर चढलं का धोका देते, हे तुले पाचव्या वर्षीच ठाऊक. अन् सूर सावलीत वाळवाले बसली."

गोपिका ताडकन उठली. न जेवता. दुसऱ्या दिवशी सकाळी सरांच्या दारात उभी. "सर, पेटी उन्हातच लावायची."

"पण ऊन सकाळी एक, दुपारी दोन," सर म्हणाले. मग बोलता बोलता त्यांनाच सुचलं. "पेटीला तिचं स्वतःचंच ऊन दिलं तर? नागपूरच्या उन्हाहून चढं?"

त्या दिवसांची धांदल काय सांगावी. पेटीच्या पोटात एक छोटा बल्ब बसवला. सरांच्या घरच्या जळक्या इस्त्रीतून तापमान राखणारी पट्टी काढली. पेटी हवी तेवढी तापली की ती टक करून बल्ब विझवायची, निवली की पेटवायची. मग त्या गरम पेटीत गोपिकेनं सगळे सूर पुन्हा लावले. बोटांना फोड आले. पण सकाळ असो की दुपार, सा हलेना. खोट एकच राहिली. पेटी पुरती तापायला तासभर लागायचा, आणि तोवर तिचे सूर कुणाला ऐकवण्यासारखे नसायचे. गोपिकेनं हिशेब केला, आपला नंबर एकविसावा, म्हणजे चार वाजतील. तास काय, दोन तास मिळतील.

परीक्षेच्या दिवशी ती हार्मोनियम घेऊन बसनं पुढं गेली. पेटी बाबूलाल सायकलवर आणणार होते. ते पोहोचले एक वाजता, घामानं निथळत. मागच्या कॅरिअरवर पेटी, आणि तिला चहूबाजूंनी काळी घोंगडी आवळून बांधलेली.

"बाबा, मे महिन्यात घोंगडी?"

"वाटेत बर्डीवर उसाचा रसवाला हेच म्हणे. काकाजी, पेटीले थंडी वाजते का? म्हणे सावलीत लावा सायकल. म्या म्हटलं, गड्या, रस इकडं उन्हातच आणून दे."

ती काही बोलणार, तोच शिपाई बाहेर आला. "पराते गोपिका. परीक्षक साहेबांना चारची गाडी पकडायची आहे. मुलींना आधी सोडतो म्हणाले."

मुली म्हणजे ती एकटीच. तास कुठला, पाच मिनिटंही नव्हती. तिनं घोंगडीसकट पेटी उचलली, टेबलावर ठेवली, प्लग लावला आणि गाठ सोडली. आतून तव्यासारखी धग आली. बल्ब पेटला. चार श्वास गेले न गेले तोच टक, विझला. पेटी तापूनच आली होती.

बाहेरगावचे परीक्षक जाड चष्म्याचे, सुरांचे जाणकार. त्यांनी हार्मोनियमवर सा धरला, पेटीचा सा त्यावर ठेवायला लावला आणि दोन्ही वाजत ठेवूनच तोंडी परीक्षा घेतली. दोन सुरांत कुठं लाट उठते का म्हणून वीस मिनिटं त्यांचा एक कान तिकडंच. दोन सूर एकाच्या पोटात एक असे बसले होते, हलले नाहीत.

"लावल्या लावल्या इतका स्थिर?" ते म्हणाले. "असं व्हायला नको. काय केलं आहे?"

गोपिकेला काहीबाही सांगता आलं असतं. "तासभर तापवायला लागते सर. आज माझ्या बाबांनी उन्हातून घोंगडीत बांधून आणली, म्हणून."

परीक्षकांनी बाबूलालना आत बोलावलं. ते चपला दाराशी काढून उभे राहिले.

"किती तापवायची हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कोणी नाही जी. बर्डीवर एकदा, धरमपेठेत एकदा, आत हात घालून पाहिलं. सूत वाळलं का नाही, ते हातालेच समजते."

परीक्षकांनी पेटीच्या पाठीवर हात ठेवला, चटकन उचलला आणि बोटं झाडत कागदावर गुण मांडले. विश्वनाथ सर खिडकीकडं तोंड करून उभे होते. त्यांचे खांदे हसत होते की आणखी काय, ते चंपतलाही कळलं नाही. तो दारातून म्हणाला एवढंच, "काकाजी, आता माह्या रेडिओ पण घेऊन येता का?"

पुढं चौऱ्याऐंशी साली गोपिकेनं नंदनवन वस्तीत एक खोली घेतली आणि भजनाच्या, लग्नगीतांच्या कॅसेटी भरायला सुरुवात केली. खोलीत आवाज घुमू नये म्हणून समोरच्या भिंतीवर तीच काळी घोंगडी खिळ्यांनी ठोकली. बाबूलाल आले की आधी पेटीवर हात ठेवून पाहायचे, मग घोंगडीवर, आणि मगच खुर्चीवर बसायचे.

"लाव आता," म्हणायचे. "तापली हाये."