न पेटणारा दिवा

नारीन गावचा शायलोबेक मिस्त्री गाडीची चावी फिरवून डॅशबोर्डवरचे पेटलेले दिवे बघत नसे. न पेटलेला शोधत असे. नूरझामालच्या जुन्या डिझेल गाडीत ऑइलचा दिवा पेटलाच नाही. त्याने डॅशबोर्डची काच उघडली. बल्बच्या जागी निळ्या लोकरीचा बोळा होता. गाडीचा रंग बदललेला, पण ती एकेकाळची त्याचीच! सहा वर्षांपूर्वी बाजारात खपवताना, ऑइलचा बिघाड दिसू नये म्हणून त्यानेच तो कोंबला होता.

"शायलोबेक-बाइके, आटपा, दादा! पोरांना घेऊन घाट चढायचाय," नूरझामाल म्हणाली.

"दम धर जरा!" तो खेकसला.

त्याने बल्ब बसवला, इंजिन सुरू केलं. आता दिवा विझायला हवा होता, विझेचना; ऑइलचा दाब अजूनही कमीच होता.

"इतके दिवस ठणठणीत होती," नूरझामाल कडाडली. "तुम्हीच बिघडवलीत!"

"हो," शायलोबेक म्हणाला, "मीच."