फिक्री ऑपरेटरने निवडलेला प्रोजेक्टर

फिक्री ऑपरेटर कधीच ऑपरेटर नव्हता. अलेक्झांड्रियातल्या एका जुन्या थेटरात सव्वीस वर्षं तो अंधारात बॅटरी दाखवून लोकांना खुर्चीपर्यंत पोचवायचा आणि हातावर पडलेलं नाणं खिशात टाकायचा. मशीनच्या खोलीत तो उभ्या आयुष्यात चार वेळा गेला असेल, तेही चहा घेऊन. पुढे थेटर बंद पडलं, तिथे लग्नाचा हॉल झाला आणि फिक्री बंदराजवळच्या बहरी भागातल्या आमच्या गल्लीत स्वस्तातली खोली बघून राहायला आला. पहिल्याच आठवड्यात न्हाव्याने गळ्याशी वस्तरा धरून विचारलं, "थेटरात काय करायचात?" फिक्रीने आरशात स्वतःकडे पाहिलं आणि म्हणाला, "मशीन चालवायचो."

एवढीशी थाप. पण ती पचली, आणि पचलेली थाप परत कोण काढतो? गल्लीने त्याला ऑपरेटर करून टाकलं. कुणाची डिश बिघडो, कुणाचा टीव्ही रुसो, "ऑपरेटरला बोलवा." फिक्री जायचा, मागच्या दोन वायरी हलवायचा, "पार्ट गेलाय" म्हणायचा आणि चहा पिऊन यायचा. बिचाऱ्याला यात मोठं सुख होतं. सव्वीस वर्षं ज्याच्या तोंडाकडे अंधारामुळे कुणी पाहिलं नाही, त्याला लोक उजेडात सलाम करत होते.

त्याचा जिवलग एकच. उस्ता अस्रान, लाकडी होड्या बांधणारा जुना कारागीर. वीस वर्षं दोघं कहवाखान्यात रोज संध्याकाळी डॉमिनो खेळले आणि रोज भांडले. आठ महिन्यांपूर्वी अस्रान एका होडीच्या सांगाड्यावरून पाठीवर पडला. तेव्हापासून चौथ्या मजल्यावर उताणा पडून होता. मान वळत नव्हती, उजवा हात तेवढा हलायचा. खोलीला बंदराकडे उघडणारी मोठी खिडकी होती. अस्रान सरळ त्यातून पाहू शकत नसे, पण पाण्यावरचा उजेड छतावर हलायचा तो बघत बसायचा. खिडकीची झडप लावायला गेलं की ओरडायचा, "थडग्यात घालायचंय का मला आत्ताच?"

फुटबॉलच्या सामन्यांचे दिवस आले आणि गोदीतल्या सोबत्यांनी ठरवलं की उस्ताला छतावर सामना दाखवायचा. वर्गणी जमली चार हजार पाउंड. प्रोजेक्टर निवडायचं काम अर्थातच ऑपरेटरकडे आलं.

दुकानात शाहिंदा नावाची मुलगी होती. डोक्याला निळा रुमाल, बोलणं चटचटीत. तिने विचारलं, "काका, खोलीत उजेड किती असतो?"

खरं तर सगळं उत्तर त्या एका प्रश्नात होतं. पण फिक्रीला वाटलं, ही पोरगी आपली परीक्षा घेतेय. तो म्हणाला, "उजेडाचं मी बघून घेईन. तू माल दाखव."

तिने काळ्या पडद्यामागे एक छोटा पांढरा प्रोजेक्टर लावून दाखवला. चित्र असं झळकलं की फिक्रीच्या अंगावर काटा आला. खोक्यावर उजेडाचा भला मोठा आकडा होता, नऊ हजार ल्युमेन.

"त्या आकड्यावर जाऊ नका हं," शाहिंदा म्हणाली. "ते सगळेच छापतात. खरा आकडा खाली बारीक अक्षरात असतो. हा बघा, दोनशे. रात्री ठीक आहे. दिवसा उघड्या खिडकीत काही दिसायचं नाही. एवढ्याच पैशांत ऑफिसातून निघालेला जुना देते. दिसायला ओबडधोबड आहे, आवाजही करतो, पण उजेड तीन हजारांचा, अगदी खरा. बाहेर उन्हाच्या बाजूला लावून दाखवू?"

दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं ऐकत होती. फिक्रीचे कान तापले. "पोरी," तो म्हणाला, "तुझा जन्म व्हायच्या आधीपासून मी पडदे उजळवतोय. तू मला शिकवणार?"

शाहिंदाने पांढरा प्रोजेक्टर खोक्यात घातला. बाहेर आल्यावर फिक्रीच्या मनात एकदा आलंच की मागे फिरावं. पण फिरायचं म्हणजे काय सांगायचं? तो घरी आला.

शुक्रवारी नमाजानंतर साडेतीनला सामना होता. आमच्या हिरव्या-पांढऱ्या संघाचा. फिक्रीने प्रोजेक्टर तिवईवर उताणा ठेवला, मोबाईल जोडला, आवाज सुरू झाला. अस्रानची बायको इन्साफ दाराशी मुलुखियाच्या भाजीची पानं खुडत बसली. तिघांनी वर पाहिलं.

छतावर ऊन होतं. उन्हात काहीतरी फिकट, हिरवट हलत होतं.

"जरा झडप लावू का?" इन्साफने विचारलं.

"झडप कशाला?" अस्रान म्हणाला. "मस्त दिसतंय! घामसुद्धा दिसतोय पोरांचा. वा रे ऑपरेटर!"

फिक्रीने डोळे बारीक केले. त्याला माणसं दिसेनात, रेषा दिसेनात. मग त्याने स्वतःची समजूत घातली की आपले डोळे गेलेत, अस्रानचे शाबूत आहेत. माणूस स्वतःला किती चटकन पटवतो! त्याने जरा सैल होऊन चहाचा घोटही घेतला.

विसाव्या मिनिटाला खालच्या कहवाखान्यातून एकच गर्जना उठली. खुर्च्या सरकल्या, कुणी ताट बडवलं.

"गोल!" अस्रानने उजवा हात हवेत फेकला. "काय डोकं मारलं पठ्ठ्याने! कोपऱ्यातून आला चेंडू आणि डोक्याने सरळ आत! पाहिलंस ना?"

फिक्रीचा पेला तसाच हातात राहिला. कहवाखान्यात डिश होती. इथला सामना मोबाईलवरून येत होता, म्हणजे अर्धं मिनिट मागे. गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक होतं. प्रोजेक्टरमधला समालोचक अजून मैदानाच्या कडेच्या फेकीबद्दल बोलत होता. फार लांब अर्धं मिनिट होतं ते. मग समालोचक किंचाळला, गोल झाला, आणि झाला तो पायाने, लांबून मारलेल्या फटक्यावर.

इन्साफने मान वर केली नाही. तिची बोटं पानं खुडत राहिली. अस्रान छताकडे बघत होता आणि त्याचे कान लाल झाले होते.

फिक्रीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्याला मान वळवता येत नाही अशा माणसाने आपली लाज राखायला डोळ्यांचं खोटं नाटक करावं! आणि आपण चहा पितोय! मध्यंतर होताच तो उठला. "माझी गोळी घ्यायची राहिलीय," असं पुटपुटत त्याने जोडे घातले. या घरात परत पाऊल टाकायचं नाही, हे त्याने जोडे घालतानाच ठरवून टाकलं होतं.

इन्साफ त्याच्या मागोमाग जिन्यात आली.

"फिक्रीभाऊ, उद्या येणार ना?"

"बघू वहिनी. जरा काम आहे."

"हे असंच सांगून गादीवाला साबिर गेला," ती हळू आवाजात म्हणाली. "त्याने आणलेली गादी टोचते, एवढंच हे बोलले. त्याला लाज वाटली. पाच महिने झाले, फिरकला नाही. तेव्हापासून कुणी काही आणलं की हे छान म्हणतात. तुम्ही एकटेच रोज येता, भाऊ. तुमच्या बाबतीत तर ते दगडालाही छान म्हणतील."

फिक्री जिन्यात उभा राहिला. आयुष्यात इतकी शरम त्याला कधीच वाटली नव्हती. तो परत वर गेला. जोडे काढायचं भान राहिलं नाही, तसाच आत शिरला.

"अस्रान, तुला काही दिसत नाहीये."

"पांढरं दिसतंय," अस्रान म्हणाला. "सगळं पांढरं."

"दुकानातली मुलगी सांगत होती. खोलीत उजेड किती, विचारत होती. मी तिला बोलूच दिलं नाही." फिक्रीने प्रोजेक्टर बंद केला. "मी ऑपरेटर नव्हतो रे. बॅटरी दाखवायचो. लोकांना खुर्च्या दाखवायचो. मला यातलं ओ की ठो कळत नाही."

"वीस वर्षं?"

"वीस वर्षं."

"आणि माझा टीव्ही दोनदा उघडलास, हरामखोरा!"

"हो."

"तरीच तो गेला." अस्रान रागावला होता की हसू दाबत होता, ते उताण्या चेहऱ्यावरून कळेना. मग म्हणाला, "उद्या बदलून घेऊन ये. त्या पोरीची माफी माग. आता खिडकीत उभा राहा. कहवाखान्याचा टीव्ही बाहेर मांडलेला असतो. बघ आणि सांग मला."

फिक्री खिडकीशी गेला. चार मजले खाली टीव्ही काडीपेटीएवढा दिसत होता, भोवती डोकीच डोकी. दुसरा अर्धा भाग सुरू झाला. तो सांगू लागला, "आपला चेंडू... नाही, त्यांचा..." एवढ्यात खाली पुन्हा गर्जना झाली.

"कोणी मारला?" अस्रानने अधीर होऊन विचारलं.

कुठलंही नाव ठोकून देता आलं असतं. अस्रानने ते मानलंही असतं. फिक्रीने खिडकीबाहेर अर्धं अंग काढलं आणि ओरडला, "कोणी मारला रे?"

खालून न्हाव्याने वर पाहिलं. "काय ऑपरेटरसाहेब! तुमच्याकडे तर छतभर दिसतंय म्हणे?"

सगळी डोकी वर वळली. उन्हात फिक्रीचं तोंड सगळ्यांना लख्ख दिसत होतं.

"नाही दिसत," तो ओरडला. "मला काही कळलं नाही निवडताना. कोणी मारला ते सांगा!"