बुधनीदीदी खोटं बोलेना

"दीदी, बोलो, मैंने सास को मारा," डॉक्टरसाहेब तिसऱ्यांदा म्हणाले.

"नहीं मारे हैं, साहब," बुधनीदीदीही तिसऱ्यांदा म्हणाली.

राज्य नवं होतं आणि रायपूरचं आमचं पाठ्यपुस्तकांचं ऑफिस उसन्या इमारतीत होतं. मी तिथं अनुवादक. पहिलीसाठी सहा भाषांत पुस्तकं निघणार होती, त्यांत मुंडारी एक. दीदी जशपूरकडच्या शाळेत स्वयंपाक करायची. भाषा तिची, तपासणी दिल्लीहून आलेल्या भाषाशास्त्राच्या डॉक्टरसाहेबांची.

त्यांना एक प्रत्यय हवा होता, म्हणजे अर्थ फिरवणारा अक्षराएवढा तुकडा. मराठीत 'करणे'च्या पोटात 'व' शिरला की 'करवणे' होतं आणि काम दुसऱ्याच्या गळ्यात पडतं. सरकारी खात्यांना हा 'व' फार प्रिय. हिंदीत हेच काम 'वा' करतो. मुंडारीत शब्दाच्या मधोमध 'प' शिरला की क्रिया एकमेकांवर होते, असं आम्ही वाचलं होतं. दीदीकडून मुंडारीत वाक्यं वदवून खात्री करायची होती. पण जे घडलं नाही ते बोलायला ती तयार नव्हती.

डॉक्टरसाहेबांनी शेरा मारला : वक्ता अयोग्य.

आमचे साहेब म्हणाले, "शाम को प्रेस में देना है। शक है तो मुंडारी छोड़ो। मंत्रीजी के लिए पाँच किताबें बहुत हैं।"

दीदीनं पिशवी उचलली. "बच्चे पूछेंगे, हमारी किताब कहाँ है," एवढंच म्हणाली.

मी दोन्ही शिपायांना बोलावलं. ठाकरे वर्ध्याकडचा, साहू इथलाच.

"ठाकरे, साहूले फाइल मार."

"काहून जी? काय केलं त्यानं?"

"मार तं खरं."

त्यानं मारली. दीदी काहीतरी पुटपुटली. त्यात 'दल' होतं, म्हणजे 'मारणं'.

"मोला काबर मरवावत हव, साहब?" मला का मारवता, असं छत्तीसगढीत म्हणत साहूनंही फाइल उचलली. दोघं असे भिडले की कपाटावरची धूळ उडाली. दीदी पदरात तोंड लपवून हसली आणि बोलली. आता त्यात 'दपल' होतं, मधोमध 'प' शिरलेला.

डॉक्टरसाहेब पेन शोधत ओरडले, "फिर से!"

"आता पुरे जी, लागून राहिलं," ठाकरे म्हणाला.

संध्याकाळी सहाही पुस्तकं प्रेसला गेली. शेरा मात्र कुणी खोडला नाही; खाली 'पुनर्विचारान्ती योग्य' असं लिहिलं गेलं.

ते ऑफिस आता काचेच्या इमारतीत गेलंय. तिथं शिपायांना भांडायला फायलीही उरल्या नाहीत. साहू रायपूरच्या पंडरी बाजारात भेटला की आम्ही चहा घेतो आणि ठाकरेची आठवण काढतो.

उत्तर येत नसेल तर आधी प्रश्न तपासावा, हे मी त्या दिवशी शिकलो. बढतीसाठी त्याचा कधीच उपयोग झाला नाही.