लाँड्रीवालीची जीभ आणि प्रभूचं मेज

आमच्या गल्लीतल्या लाँड्रीवाली मावशीच्या तोंडी लागू नये, हे नव्या भाडेकरूला घरमालकाच्या आधी शेजारी सांगतात. नळासाठी आम्ही पालिकेवर मोर्चा नेला तेव्हा घोषणा माझ्या होत्या, पण तिथले साहेब खुर्ची सोडून बाहेर आले ते मावशीच्या दोन वाक्यांनी. ती वाक्यं छापण्यासारखी नाहीत.

अशी ही बाई अठरा वर्षं प्रभुभोजन घेत नव्हती. महिन्याच्या पहिल्या रविवारी चर्चमध्ये प्रभूच्या मेजावरून पावाचे तुकडे आणि द्राक्षरस फिरतो. येशूनं आपल्यासाठी जीव दिला, त्याची आठवण. ताट आलं की मावशी ते पुढं सरकवायची, नावडती भाजी सरकवावी तसं.

कारण होता चर्चचा कारभार बघणारा एक पंच. नवऱ्याला पुरलं त्या दिवशी त्यानं हिला पहिल्या बाकावरून उठवलं, ते बाक पंचांच्या घरच्यांचं म्हणून. हिनं भर मंडळीत त्याच्या सात पिढ्या काढल्या. तो म्हणाला, आधी जीभ स्वच्छ कर, मगच प्रभूच्या मेजाजवळ ये. मी असतो तर विचारलं असतं, मेज तुझ्या बापानं घडवलंय का. पण जिनं जन्मात कुणाचं ऐकलं नाही, तिनं नेमकं ह्याचं ऐकलं.

एक आठवडा शिवी न देता काढायचा आणि मग जायचं, असं तिनं ठरवलं. सोमवारी सुरुवात व्हायची. मंगळवारी कुणीतरी तुटलेलं बटण दाखवत दारात उभं. अठरा वर्षांतला विक्रम गुरुवार दुपारचा, तोही घसा बसला होता म्हणून. प्रार्थनासुद्धा पुस्तकातली वाचायची. आपल्या तोंडचे शब्द देवाच्या कानावर घालायची तिला लाज वाटायची. मी एकदा म्हटलं, सगळ्या जगाची बोंब ऐकणाऱ्याला तुझी शिवी काय नवी? तर मलाच दोन हासडल्या, आणि आठवडा पुन्हा सोमवारवर आला.

मग चर्चला नवे पाळक, म्हणजे पाद्री, आले. वयानं मावशीच्या मुलाएवढे. एका शुक्रवारी ते काखेत पुडकं दाबून लाँड्रीत शिरले. प्रभूच्या मेजावरचं पांढरं कापड. त्यावर द्राक्षरस सांडला होता आणि पाळकांनी तो घरीच गुपचूप काढायचा घाट घातला होता. लिंबू झालं, ब्लीचिंग पावडर झाली. गुलाबी डाग पिवळा झाला आणि शेजारी बोटभर भोक.

मावशीनं कापड उजेडात धरलं.

"हे कुणी केलं?"

"मीच. एवढा डाग घेऊन तुमच्याकडं यायची लाज वाटली, मावशी."

मावशी पेटली. आधी एक अस्सल शिवी, मग पाळकाच्या हुद्द्याचं भानच सुटलं. "अरे बाबा, डाग घेऊनच यायचं असतं इथं. ही लाँड्री आहे. घरी घासत बसलास आणि होतं ते फाडून ठेवलंस. तुला जमत असतं तर मी कशाला बसलेय?"

एवढं बोलली आणि आपलंच वाक्य तिच्या कानावर पडलं. हातातलं कापड तसंच अधांतरी. पाळक हुशार. नुसते बघत राहिले.

"असं बघू नका," ती म्हणाली.

"मी कुठं काय म्हणालो?"

"म्हणालात. कळतं मला."

कापडाच्या भोकावर तिनं ठिगळ लावून दिलं. त्या आठवड्याचा हिशोब शुक्रवारीच बुडाला होता, आणि शनिवारी तिनं शेजारच्या चक्कीवाल्यालाही सोडलं नाही. मला वाटलं, गेला हाही महिना.

रविवारी ताट घेऊन फिरत होता तोच पंच. आता म्हातारा. मावशीपाशी आला आणि सवयीनं पुढं निघाला. तिनं ताटाची कड धरली.

"सुधारली का जीभ?" तो पुटपुटला.

"नाही. म्हणूनच घेतेय. थांबा जरा."

ताट क्षणभर दोघांच्या हातात राहिलं. मग म्हाताऱ्यानं ते स्वतःच तिच्यापुढं खाली धरलं. तिनं तुकडा घेतला, सावकाश चावला, रस प्यायला. मान खाली घातली. प्रार्थनेचं पुस्तक मिटलेलंच होतं.

मी मागच्या बाकावर होतो, आणि मावशीला हळू बोलता येत नाही.

"पाव शिळा होता रे देवा," ती म्हणत होती. "पण मी येणार. आता दर महिन्याला येणार."